कस्टमचा नियम रातोरात बदलला तर: माल यार्डाची तयारी कशी ठेवायची

गोकुळ शिरगाव एमआयडीसीला लागून हायवेच्या कडेनं जी माल यार्डं आहेत, त्यातल्या एका यार्डाचं गेट आणि कागदपत्रं मी सांभाळते. साखरेची पोती, फाउंड्रीची कास्टिंग, इचलकरंजीचं कापड, गूळ, चपला हा माल आमच्याकडून बाहेर जातो. न्हावा शेवा बंदराहून उलट दिशेनं कोक, स्क्रॅप, मशिनरी येते. या सगळ्याचे नियम दिल्लीत ठरतात, आणि बदलतात तेव्हा आपली गाडी रस्त्यात असते. ट्रान्सपोर्टमधून गोदामाच्या धंद्यात उतरणारी नवी मंडळी विचारतात, की अशा अचानक बदलाची तयारी करायची म्हणजे नेमकं काय करायचं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

नियम बदलला की पार्टी (माल पाठवणारे किंवा मागवणारे), ड्रायव्हर, मालक सगळे एकच विचारतात: आता ड्युटी किती? तो प्रश्न सीएचएनं, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटानं, सोडवायचा. यार्डानं स्वतःला विचारायचं ते असं: नियम लागला त्या मिनिटाला माझ्याकडचा एकेक डाग (नग) कुठल्या टप्प्यावर होता, आणि ते दाखवणारा कागद माझ्या हातात आहे का? बाकीची सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती फिरते.

मिनिट म्हणते आहे ते उगाच नाही. १६ फेब्रुवारी २०१९ ला, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानातून येणाऱ्या मालावरची ड्युटी सरकारनं २०० टक्के केली. ती अधिसूचना ई-गॅझेटवर (सरकारच्या ऑनलाइन राजपत्रावर) चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, त्या वेळेच्या आधी, अटारीच्या सीमेवर काही आयातदारांची बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टमकडे भरायचे कागद) भरून झाली होती. कस्टमनं त्यांनाही नवा दर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये निकाल लागला: अधिसूचना ज्या क्षणी गॅझेटवर चढली त्या क्षणापासून लागू, त्याआधी भरलेल्या बिलाला जुनाच दर. आयातदार जिंकले, कारण दोन्ही वेळा सिस्टीममध्ये सेकंदासकट नोंदलेल्या होत्या. आपल्या गेटच्या वहीत ‘सकाळी’, ‘दुपारी’ असं लिहिलेलं असेल तर अशा वेळी ती वही काय कामाची?

कुठली तारीख धरतात

हे कोष्टक गेटवरच्या पोरालाही पाठ हवं, म्हणून साध्या भाषेत सांगते.

निर्यातीत ड्युटीचा दर धरतात तो एलईओ म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, कस्टमची माल जहाजावर चढवायची परवानगी, मिळाली त्या दिवसाचा. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमकडे भरायचा कागद) भरलं म्हणजे दर पक्का झाला, ही फार जणांची समजूत असते आणि ती चुकीची आहे. माल कोल्हापुरातून निघाला, बिल भरलं, कंटेनर बंदराच्या गेटात गेला, तरी एलईओ झाली नसेल तर नवा दर लागतो.

आयातीत, माल थेट सोडवायचा असेल तर बिल ऑफ एंट्री भरल्याचा दिवस. बिल आगाऊ भरलं असेल, तर भरल्याचा दिवस आणि जहाजाला एंट्री इनवर्ड (माल उतरवायची कस्टमची परवानगी) मिळाल्याचा दिवस यांत जो नंतरचा, तो. माल बॉन्डेड गोदामात (ड्युटी न भरता माल ठेवायचं कस्टमच्या देखरेखीखालचं गोदाम) ठेवला असेल तर तिथून बाहेर काढायचं एक्स-बॉन्ड बिल भरल्याचा दिवस.

हे झालं ड्युटीचं. बंदी किंवा निर्बंध आला की हिशोब बदलतो, कारण तो डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) अधिसूचनेतून येतो आणि सूट कुणाला हे तिथंच लिहिलेलं असतं. परकीय व्यापार धोरणाच्या १.०५ परिच्छेदात एरवी सवलत आहे: बंदीच्या आधीचं पक्कं एलसी (बँकेचं पतपत्र) असेल आणि ते १५ दिवसांत डीजीएफटीच्या कार्यालयात नोंदवलं, तर जुना सौदा पुरा करता येतो. पण अधिसूचनेत ‘१.०५ लागू नाही’ असं एक वाक्य घातलं की ही वाट बंद. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली तेव्हा असंच झालं. त्या अधिसूचनेत सूट होती ती जहाजात माल भरायला सुरुवात झालेल्यांना, शिपिंग बिल भरून जहाज बंदराला लागलेल्यांना, आणि ज्यांचा माल कस्टम स्टेशनात आत गेल्याची तारीख-वेळ तिथल्या कस्टोडियनच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदली होती त्यांना.

हे शेवटचं कलम आपल्या धंद्यातल्या प्रत्येकानं दोनदा वाचावं. माल वाचला तो गेट-इनच्या नोंदीवर. पण त्यात कस्टोडियन म्हणजे कस्टमनं मंजूर केलेला सीएफएस (बंदराजवळचं कंटेनरचं ठाणं), आयसीडी (बंदरापासून दूर, आतल्या भागातलं कंटेनरचं ठाणं) किंवा बंदर. हायवेकडेचं साधं यार्ड त्यात धरत नाहीत. कोल्हापुरातल्या पार्टीला वाटतं, माल यार्डात पोचला म्हणजे एक्स्पोर्टला गेला. त्यांना पहिल्याच दिवशी, रेट ठरवतानाच सांगून टाकायचं, की आमच्याकडचं गेट-इन तुमची बिल्टी आणि माल सांभाळायला आहे, बंदी चुकवायला नाही. तुमची वेळ न्हावा शेवाच्या गेटावर सुरू होते.

फळा

आमच्या ऑफिसात दारासमोर पांढरा फळा आहे. बहुतेक यार्डांत फळ्यावर पार्टीची नावं असतात आणि पुढं गाड्यांचे नंबर. आम्ही पार्टीवार लावत नाही, टप्प्यावार लावतो. डावीकडून उजवीकडं रकाने असे: माल आला पण शिपिंग बिल नाही, शिपिंग बिल झालं, कंटेनर भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लागलं, गाडी निघाली, बंदरात गेट-इन, एलईओ, जहाजावर चढला. प्रत्येक कंटेनरची एक चुंबकाची पट्टी. ती पुढं सरकवली की पट्टीवर मार्करनं वेळ लिहायची, तास आणि मिनिट. खालच्या ओळीत आयातीचे रकाने: बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीची) तारीख, बिल ऑफ एंट्री, एंट्री इनवर्ड, आउट ऑफ चार्ज (कस्टमनं माल सोडल्याचा आदेश), आणि बॉन्डमध्ये असेल तर तसं.

कॉम्प्युटरमध्ये हे सगळं असतंच. तरी फळा हवा, कारण बातमी येते तेव्हा चार माणसं एकाच वेळी बघत असतात आणि फोन चालू असतो. अधिसूचनेतली सूट वाचली की फळ्यावर एक उभी रेघ मारायची. रेघेच्या उजवीकडचे सुटले, डावीकडचे अडकले. मग त्या अवस्थेतच फळ्याचा फोटो काढायचा, वेळेसकट. पुढं सहा महिन्यांनी वाद झाला तर त्या फोटोवरून बोलता येतं.

आणि घड्याळं. यार्डात किमान चार घड्याळं चालतात: वजनकाट्याचा कॉम्प्युटर, गेटवरचा टॅब, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि वहीत लिहिणाऱ्याच्या मनगटावरचं. डीव्हीआर हळूहळू मागं-पुढं सरकत असतो, वजनकाट्याचा कॉम्प्युटर लाइट गेल्यावर भलतीच वेळ दाखवतो. मग काटापावतीवर गाडी आत यायच्या आधीच तिचं वजन झालेलं दिसतं! असा कागद कुणापुढं ठेवणार? आमच्या गेटवरचे मामा रोज पहाटेची पाळी सुरू करताना मोबाईलची वेळ बघून चारही घड्याळं जुळवतात आणि वहीच्या पानावर वर ‘वेळ जुळवली’ लिहून सही करतात. दोन मिनिटांचं काम, पण माझ्या मते यार्डातलं सगळ्यात मोलाचं. आणि वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर रेघ मारून शेजारी लिहायचं, सहीनिशी.

बातमी कोण बघणार

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बातमीवर गाडी थांबवायची नाही आणि सोडायचीही नाही. मूळ अधिसूचना उघडून वाचायची. ड्युटीसाठी सीबीआयसी (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ), बंदी-निर्बंध-कोट्यासाठी डीजीएफटी, दोन्हींसाठी ई-गॅझेट, आणि बंदरावरच्या कामकाजासाठी न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसच्या पब्लिक नोटिसा. एका माणसाला नावानिशी हे काम द्यायचं आणि त्याच्या सुट्टीला दुसरा माणूस लावायचा. बघायच्या वेळा दोन पुरतात: संध्याकाळच्या गाड्या सुटायच्या आधी आणि रात्री झोपायच्या आधी.

शनिवारची पाळी रिकामी ठेवू नका. पाकिस्तानी मालावरच्या ड्युटीचा १६ फेब्रुवारी २०१९ शनिवार होता. पिग आयर्न आणि पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात ड्युटीची अधिसूचना निघाली तो २१ मे २०२२ शनिवार होता, ड्युटी दुसऱ्याच दिवसापासून लागली. कांद्यावर ४० टक्के लागली तो १९ ऑगस्ट २०२३ सुद्धा शनिवारच. सोमवारी उठून बघणाऱ्याच्या गाड्या तोवर बंदराच्या रांगेत उभ्या असतात.

अधिसूचना वाचताना चार गोष्टी शोधायच्या. कुठला एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आकडा). कधीपासून. सूट कुणाला. कधीपर्यंत. एचएस कोडात घाई नको. फाउंड्रीच्या मालात ७३२५ म्हणजे लोखंड-पोलादाच्या ओतीव वस्तू आणि ७३२६ म्हणजे इतर वस्तू, आणि मशीनचा भाग म्हणून गेला तर ८४ वा अध्याय. ‘पोलादावर ड्युटी’ अशी बातमी आली की शिरोलीच्या प्रत्येक कास्टिंगला ती लागेलच असं नाही. म्हणून प्रत्येक पार्टीच्या प्रत्येक मालाचा आठ आकडी कोड आधीच आपल्या यादीत हवा, सीएचएकडून तपासून घेतलेला. ही यादी वर्षातून एकदा तरी झाडायची. १ मे २०२५ पासून आपल्याकडच्या टॅरिफच्या कितीतरी ओळी बदलल्या, जुना कोड लिहून बसलेल्याला अधिसूचनेत आपला माल सापडणारच नाही.

मुदत मिळाली तर तासांचा हिशोब

काही बदल तत्काळ असतात, काहींना थोडी मुदत असते. मळीचं उदाहरण आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. १५ जानेवारी २०२४ ला अधिसूचना निघाली आणि १८ जानेवारीपासून मळीच्या निर्यातीवर ५० टक्के ड्युटी लागली. ऐन गाळपात, कारखान्यांच्या टाक्या भरत असताना. साखरेचं २४ मे २०२२ ला निघालं आणि १ जूनपासून निर्यात ‘मुक्त’मधून ‘निर्बंधित’मध्ये गेली, साखर संचालनालयाची परवानगी लागायला लागली. म्हणजे एकात तीन दिवस, दुसऱ्यात आठवडा.

अशा वेळी सगळ्या गाड्या एकदम पिटाळायचा मोह होतो. त्याआधी उलटं मोजा. शेवटच्या क्षणापासून मागं या: एलईओला बंदरावर किती वेळ लागतो, गेटची रांग किती, रस्ता किती, भरायला किती. कोल्हापूर ते न्हावा शेवा रात्रभराचा रस्ता आहे, घाट आणि पुण्याचा बायपास धरून. त्यात बंदरावरची रांग अशा दिवसांत नेहमीची राहत नाही, कारण तुमच्यासारखा विचार नाशिकपासून हुबळीपर्यंत सगळ्यांनी केलेला असतो. हिशोबात न बसणारा माल यार्डातच ठेवा. बंदरावर अडकला तर ग्राउंड रेंट (जागेचं भाडं), गाडीचं डिटेंशन (खोळंब्याचे पैसे) आणि परत आणायची परवानगी, तिन्ही वाढतात.

पावसाळ्यात आणखी एक रकाना धरा: पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक बंद झाली. जुलै-ऑगस्टमध्ये मुदतीचा माल असेल तर तो आधीच पुलापलीकडं, किणी टोलच्या बाजूच्या एखाद्या गोदामात हलवून ठेवायची सोय बघावी. अधिसूचनेला पुराचं कारण चालत नाही.

समोरच्या देशाचे नियमही याच फळ्यावर घ्या. अमेरिकेची वाढीव २५ टक्के ड्युटी २७ ऑगस्ट २०२५ ला लागली, वेळ त्यांच्या घड्याळानं मध्यरात्री १२ वाजून १ मिनिट. आपल्याकडं तेव्हा सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं, आणि दिवस गणेश चतुर्थीचा. त्याआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडं दाखल झालेला माल सुटणार होता. म्हणजे इथं एलईओचाही उपयोग नव्हता, ‘जहाजावर चढला’ हाच रकाना बघायचा होता. परदेशी वेळ दिसली की आपल्या वेळेत करून फळ्यावर लिहा, आणि तो दिवस सणाचा आहे का तेही बघा. हमाल, ड्रायव्हर गावी गेलेले असतात, ऐनवेळी फोर्कलिफ्टवाला मिळत नाही.

थांबलेल्या मालाची जागा

यार्डाचा एक भाग कायम मोकळा ठेवावा लागतो. मालकाला ते पटवणं अवघड जातं, रिकामी जागा म्हणजे बुडालेलं भाडं वाटतं. पण अडकलेला माल चालू मालात मिसळला की पोती मोजताना आणि गाड्या लावताना सगळ्यांचंच काम थांबतं.

प्रत्येक मालाचं थांबणं वेगळं. साखरेची ५० किलोची पोती जमिनीवर नकोत, पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर लांब, पावसात ताडपत्री वरून आणि खालूनही. गूळ जुलैत पाझरतो, त्याला बंद कंटेनरात ठेवायचंच नाही. कास्टिंगवर गंज धरतो. जास्त दिवस थांबणार असं दिसलं तर फाउंड्रीला बोलावून गंजरोधक तेल पुन्हा लावून घ्या, तसं लिहून घ्या. मळीचा टँकर यार्डात उभाच करून घेऊ नका, तो कारखान्याच्या टाकीत परत गेलेला बरा.

ई-सील लागलेला कंटेनर आपल्या मनानं उघडायचा नाही. बंदरात शिरून परत आणायचा असेल तर ‘बॅक टू टाउन’ची परवानगी कस्टमकडून घ्यावी लागते, ते काम सीएचएचं. आपण फक्त सील नंबरचा फोटो जाताना आणि येताना काढून ठेवायचा.

भाड्याचं आधी बोला. आमच्या रेटच्या पत्रात एक ओळ आहे: सरकारी नियमबदलामुळं माल थांबल्यास पहिले अमुक दिवस भाडं नाही, नंतर अमुक दर, गाडीचं डिटेंशन पार्टीचं. ही ओळ चांगल्या दिवसांत लिहून घेतली की वाईट दिवसांत संबंध टिकतात. हमालांची रात्रपाळी आणि दुबार चढ-उतार यांची मजुरीही मुकादमाबरोबर आधीच ठरवावी. भर रात्री माल उतरवणाऱ्या माणसाला त्याचे पैसे कोण देणार हे माहीत असलं पाहिजे.

आयातवाल्यांसाठी थोडं

फाउंड्रीला लागणाऱ्या कमी राखेच्या मेट कोकवर (धातू वितळवायच्या कोकवर) १ जानेवारी २०२५ पासून देशवार कोटा आला होता. असा कोटा असला की परवान्याचा कागद आधी आणि बुकिंग नंतर, हे पार्टीला आठवण करून द्यायचं. दर कमी होणार अशी चिन्हं असतील, अर्थसंकल्पाच्या तोंडावर असतात, तर बॉन्डेड गोदामाचा पर्याय सीएचएशी बोलून घ्या, कारण तिथं दर बाहेर काढायच्या दिवसाचा लागतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात चांदीवरची ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आली, चांदीच्या कामाचं गाव असलेल्या हुपरीत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. मात्र दर वाढेल की उतरेल याचा सल्ला यार्डानं द्यायचा नाही. आपण टप्पा सांगायचा, निर्णय पार्टीचा.

फोन

बदलाच्या रात्री ड्रायव्हरचा फोन येतो: “मॅडम, गाडी तासवड्याला हाय. फुडं जाऊ का हितंच लावू?” त्याला दोन मिनिटांत उत्तर मिळालं पाहिजे, आणि ते एकाच माणसाकडून. मालक एक सांगतो, पार्टी दुसरं, सीएचए तिसरं, मग ड्रायव्हर बिचारा टोलनाक्याच्या कडेला ताटकळतो. आमच्याकडं नियम आहे की रस्त्यातल्या गाडीला आदेश फक्त गेट ऑफिस देणार. फळ्यावरच्या रेघेकडं बघायचं. सूट गेट-इनवर आहे आणि वेळ उलटून गेली असेल, तर पुढं जाऊन काही मिळत नाही, जवळच्या चांगल्या ठिकाणी लावा, जेवून घ्या, जागेचं लोकेशन पाठवा. मुदत आहे आणि हिशोबात बसते, तर सुटा.

पार्टीला मेसेज जातो त्यात पाच गोष्टी असतात आणि सहावी नसते: अधिसूचनेचा नंबर, लागू झाल्याची वेळ, तुमचे कंटेनर, त्यांचा टप्पा वेळेसकट, आणि उद्या सकाळी कितीला बोलू. ‘काही काळजी करू नका’ असलं काही त्यात लिहीत नाही आम्ही. आधी माहिती पोचू दे.

तालीम आणि नंतरचे कागद

अधूनमधून एखादी जुनी अधिसूचना घेऊन तालीम करा. २१ मे २०२२ ची घ्या. आजच्या फळ्यावर ती आत्ता लागली असं धरायचं आणि गेटच्या मामांना, फोर्कलिफ्टवाल्याला, ऑफिसातल्या पोरांना विचारायचं, कुठला माल अडकला? दोन जणांची उत्तरं वेगळी आली तर यादीतला कोड किंवा फळ्यावरची वेळ चुकलेली असते, तिथल्या तिथं दुरुस्त होते.

त्याच अधिसूचनेचा पुढचा भागही तालमीत घ्या. पोलादावरची ती निर्यात ड्युटी १९ नोव्हेंबर २०२२ ला रद्द झाली. नियम मागं घेतला जातो तेव्हाही तितकीच धांदल उडते: थांबलेला माल एकदम सुटतो, गाड्या मिळत नाहीत, आणि आधी कुणाची पाळी यावरून भांडणं होतात. क्रम आधीच ठरवा. आमच्याकडं आधी आला तो आधी जातो, फक्त नाशवंत माल पुढं.

दराबद्दल वाद असेल तर पार्टी ‘अंडर प्रोटेस्ट’ (हरकत नोंदवून) ड्युटी भरते आणि नंतर परतावा मागते. एरवी परताव्याची मुदत भरल्यापासून एक वर्षाची. त्या अर्जाला तुमच्याकडचे कागद लागतात, म्हणून प्रत्येक बदलाची वेगळी फाइल करा: अधिसूचनेची प्रत, फळ्याचा फोटो, गेटच्या वहीच्या पानांची झेरॉक्स, काटापावत्या, सीलचे फोटो, पाठवलेले मेसेज. सीसीटीव्हीचं फुटेज काही आठवड्यांत पुसलं जातं, ते त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर उतरवून फाइलीला लावा आणि पार्टीला एक प्रत देऊन पोच घ्या.